नागिणीवरची गोळी

आमचे सिहोऱ्याचे एक शेजारी कुणालाही काही देताना आधी स्वतः चाखतात. आंबा असो की काढा, चाखल्याशिवाय आपल्या हातावर ठेवायचे नाहीत. माझ्या कमरेवर नागीण उठली, तेव्हा गेरूचा लेप लावायलाही तेच धावून आले.

परवा मात्र ते गोळ्यांची पट्टी घेऊन आले. त्यांच्या वारलेल्या बायकोच्या कॅन्सरच्या गोळ्या तीत उरल्या होत्या.

"गुरुजी, मोबाइलवर आलं. कॅन्सरची दवाई नागिणीच्या विषाणूलेबी मारते म्हणे."

"भाऊ, शास्त्रज्ञ ते अजून तपासूनच राहिले. डॉक्टरले न पुसता घेतली तं जीवावर बेतन."

ते दाराची चौकट घट्ट धरून हळूच म्हणाले, "मी तं सकारीच दोन खाऊन पाह्यलो."