एलियाझर थ्रॉलचं मत

पस्तीस वर्षं पिंपांच्या लोखंडी कड्यांवर हातोडा मारून एलियाझर थ्रॉलचे कान गेले होते. तरी गावाने त्यालाच अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या विधानसभेत पाठवलं. माणूस सरळ होता, आणि त्याची बायको डॉर्कस बरोबर जाणार होती. ती सभागृहात वर प्रेक्षकांच्या सज्जात बसायची. त्याचं नाव पुकारलं की हातातलं विणकाम उंच धरायची. ते पाहून तो उठायचा.

त्या साली राज्यपालपदासाठी कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, म्हणून निवड विधिमंडळावर आली. दोन दिवस मतदान होऊनही निकाल लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉर्कस तापाने फणफणली. आज मी जात नाही, असं एलियाझर म्हणाला. तिने त्याला जवळ ओढून त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या, उजव्या कानात सांगितलं, "गावाने तुम्हाला माझ्या उशाशी बसायला पाठवलेलं नाही. निघा मुकाट्याने."

सभागृहात तो सारखा तिच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. शेजारी होलिस बॅचेल्डर बसला होता. विरुद्ध पक्षाचा, पलीकडच्याच गावचा. गावरस्त्याच्या हद्दीवरून दोघांचं चार वर्षं बोलणं नव्हतं. समोर कारकुनाचे ओठ हलत होते. एकाएकी एलियाझरच्या गुडघ्यावर हात पडला. बॅचेल्डरने बोटाने मतपेटी दाखवली. एलियाझर गडबडीने जाऊन चिठ्ठी टाकून आला.

त्याचा उमेदवार एका मताने निवडून आला.

बॅचेल्डरच्या पक्षाचे लोक बॅचेल्डरवरच तुटून पडले. थ्रॉलचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. तिसरी हाक वाया जाऊ दिली असती तर काय बिघडलं असतं, असं ते विचारत होते. ते पांगल्यावर एलियाझर त्याच्यापाशी गेला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "का उठवलंस मला?"

बॅचेल्डर त्याच्या कानाशी वाकला. "तुला ऐकू येत नाही म्हणून काय तुझ्या गावाचं मत बुडवू? डॉर्कसबाई कुठायत आज?"

ताप आहे, म्हटल्यावर तो तसाच त्याच्याबरोबर खोलीवर आला. येताना खाणावळीतून गरम सूप घेतलं. डॉर्कसने दोघांना दारात एकत्र पाहिलं आणि क्षणभर तिला वाटलं, ताप डोक्यात गेला.

तिला उठून बसायला आठवडा लागला. तेवढे दिवस प्रत्येक मतदानाला बॅचेल्डरचा हात एलियाझरच्या गुडघ्यावर पडत राहिला, आणि दोघांची मतं दरवेळी एकमेकांच्या विरुद्धच पडली.