तुमच्यातलीच आहे ना

"तू बाहेर जा. चहाचं बघ."

मुलाखत चालू होती. उमेदवार मुलगी समोर बसलेली. तिच्यादेखत मॅडम मला असं म्हणाल्या. चहाला ऑफिसात वेगळा माणूस होता. आदल्या आठवड्यापर्यंत मी मॅडमच्या शेजारी बसून प्रश्न विचारत होते. मी उठले. बाहेर येऊन दाराशी उभी राहिले.

मी हुडकेश्वरची. बाबा शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर. एमबीए केलं, एचआर घेतलं, धरमपेठेतल्या एका कंपनीत पहिली नोकरी लागली. मॅडम तिथल्या एचआर हेड. त्यांनीच मला निवडलं. माणूस कसा पारखायचा, कुणाला नाही कसं म्हणायचं, सगळं शिकवलं. "तू मला मुलीसारखी," म्हणायच्या. मी खरं मानलं. आईला सांगत नव्हते ते त्यांना सांगायचे.

एका संध्याकाळी त्यांनी मला कारनं घरी सोडलं. आईनं हौसेनं आत बोलावलं. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाजूला पंचशील झेंडा. मॅडम उंबऱ्यातच थांबल्या. आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं, सवर्णांतही आणि आमच्यातही.

"आडनावावरून वाटलं नाही हो," म्हणाल्या.

आईनं पाणी पुढं केलं.

"नको, घाई आहे."

कार वळून गेली. आई गिलास धरून दारातच.

दुसऱ्या दिवसापासून बोलणं कामापुरतं. जेवायला त्या दुसरीकडे बसू लागल्या. कामाचं टेन्शन असेल, मी स्वतःलाच सांगत राहिले. मूर्खासारखी.

मग ही मुलाखत. मुलगी भिवापूरची होती, आडनावावरूनच आमच्यातली कळत होती. दाराबाहेर उभं राहून मी तिची उत्तरं ऐकली. एकदाही अडखळली नाही. ती गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं.

"तिला फोन कर. सांग, अनुभव कमी पडला."

"मॅडम, आपण फ्रेशरच मागितले होते."

"हे लोक आपल्यात मिसळत नाहीत गं. वातावरण बिघडतं. तूच कर फोन. तुमच्यातलीच आहे ना, तुझं ऐकेल."

म्हणजे जात कळल्यावरही मला यासाठी ठेवलं होतं. माझ्याच लोकांना माझ्या तोंडून नाही म्हणायला.

मी तिथंच, त्यांच्यासमोर फोन लावला.

"माझं काय चुकलं, ताई?" मुलीनं विचारलं.

"काही नाही चुकलं. तुझी मुलाखत सगळ्यात चांगली झाली. यांना तुझी जात नको आहे. तुला खोटं कारण सांग म्हणतात. मी सांगणार नाही."

ती म्हणाली, "तुमची नोकरी जाईन न ताई. काहून सांगितलं?"

मॅडम ओरडल्या, "इतकं केलं मी तुझ्यासाठी!"

"माझ्या आईच्या हातचं पाणी नाही घेतलं तुम्ही," मी म्हटलं.

प्रोबेशन होतं. त्याच दिवशी मला काढलं. बाबा घाबरले. "काहून बोलली वं? किती मेहनतीनं लागली होती." आईनं मला ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

मॅडमना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. एचआरही सोडलं नाही. आता बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहे. पोस्ट लहान, पण मुलाखतीला बसते. परवा एका पोरानं चांगली उत्तरं दिली. तो बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "आपल्यात बसेल का हा?"

"आपल्यात म्हणजे कोणात, सर?"

साहेब हसले. विषय बदलू लागले.

मी पुन्हा विचारलं. दर वेळी विचारणार. ही नोकरी गेली तर पुढच्या नोकरीत विचारणार.