पत्र्यांमधला कागद

मल्लव्वा तारेचे वेढे मोजते ते कन्नडमध्ये. बोलते मराठी, गिऱ्हाइकांशी भांडते मराठीत. पण वाइंडिंग मशीनचं हँडल हातात आलं की तिचे ओठ मैंदर्गीच्या शाळेतल्या आकड्यांवर हलू लागतात. मशीनला काउंटर आहे की, असं कुणी म्हटलं तर म्हणते, "त्येचा एक दात पडलाय. माजे सगळे हायत."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तिचं आणि नवऱ्याचं, बसप्पाचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान. यंत्रमागाची मोटर जळाली की बसप्पा ती खोलणार, बेअरिंग बघणार. तांब्याच्या तारेचे वेढे मात्र मल्लव्वाचे. बावीस वर्षं हेच. आता जुने माग भंगारात निघालेत. नव्या मागाची मोटर बिघडली तर कंपनीचा माणूस येतो आणि अख्खी मोटर बदलून जातो. शेवटी बसप्पानं ठरवलं, दुकान बंद करायचं, गावी मैंदर्गीला जायचं. वाइंडिंग मशीन मोडनिंबच्या एका मिस्त्रीनं मागितलं होतं. येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मल्लव्वानं हे ऐकलं आणि त्यानंतर तीन दिवस नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली, शब्द वाढला नाही.

त्याच आठवड्यात ऋतुराज दुकानात आला. तो दिवसा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुने गिटार अ‍ॅम्प दुरुस्त करतो. हातात त्याच्या गुरूंचा, जोतीराम सरांचा अ‍ॅम्प होता. सरांनी तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली ती याच पेटीवर. काचेच्या दिव्यासारख्या व्हॉल्व्हचा, विलायती, एका बाजूचं कापड उंदरानं कुरतडलेलं. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

हा ट्रान्सफॉर्मर काय करतो, असं मल्लव्वानं विचारलं. ऋतुराजनं सांगितलं की व्हॉल्व्हकडून येणारी वीज स्पीकरला जशीच्या तशी पचत नाही; मधे हा बसून ती पचेल अशी करून देतो. आणि तसं करताना आवाजाला आपला रंग लावतो. त्यानं पिशवीतून दोन नवे ट्रान्सफॉर्मर काढले. एक अमेरिकेहून मागवलेला, जुन्याची हुबेहूब नक्कल म्हणून विकला जाणारा, दुसरा मुंबईचा. सरांनी दोन्ही ऐकले आणि दोन्हींना नाही म्हणून मान हलवली. म्हणून आता जळालेलाच पुन्हा भरून बघायचा. जमलं तर पुण्या-कोल्हापूरकडच्या त्याच्या मित्रांकडेही असे अ‍ॅम्प पडून आहेत.

"गिटारीवर दुकान चालवणार व्हय आता?" बसप्पा हसला.

मल्लव्वा नवऱ्याशी तीन दिवसांतलं पहिलं वाक्य बोलली. "मोटारीवर तरी कुटं चाललंय?"

तिनं जुना ट्रान्सफॉर्मर उकलला. केसासारखी बारीक तार, हजारो वेढे. जळून चिकटलेल्या ठिकाणी थांबायचं, सुईनं सोडवायचं, पुढे मोजायचं. त्याआधी गाभ्याचे पातळ लोखंडी पत्रे सुटे करताना त्यांच्यामधून एक तपकिरी, जाडसर कागदाची पट्टी पडली होती. कुण्या आळशी मिस्त्रीनं पत्रे ढिले झाले म्हणून पाचर मारलेली दिसते, असं म्हणत तिनं ती बाजूला टाकली. मग नवी तार भरली आणि पत्रे बावीस वर्षांच्या सवयीनं बसवले: एक इकडून, एक तिकडून, मधे केसाएवढीही फट नाही. पत्र्याला फट ठेवणं म्हणजे तिच्या धंद्यात लाजेची गोष्ट. व्हार्निशमध्ये बुडवून तो पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवला.

ऐकायचा मुहूर्त शनिवारी दुपारी एकचा. शेजारच्या कारखान्यातले माग जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास थांबतात तेव्हाच काय ते कानाला काही ऐकू येतं. जोतीराम सर भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले, गिटार मांडीवर. ऋतुराज प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करी, ट्रान्सफॉर्मर बदलून तारा जोडी आणि फक्त आकडा सांगे. एक. दोन. तीन.

तिसरा, मल्लव्वानं भरलेला, वाजताच सरांनी हात थांबवला. हळू वाजवलं तर ठीक, जरा जोर दिला की आवाज घास अडकल्यासारखा होत होता. हा त्या दोघांपेक्षाही वाईट, असं ते म्हणाले. मग मागे वळले, मल्लव्वाचा चेहरा पाहिला आणि गिटार मांडीवरून उतरवली.

माग पुन्हा सुरू झाले. बसप्पा उद्याच्या टेम्पोसाठी मशीन पुसायला लागला, ते तिला जास्त लागलं.

ऋतुराज सामान आवरत होता. तिनं अमेरिकन ट्रान्सफॉर्मर मागून घेतला, उजेडाकडे धरून फिरवला. पत्र्यांच्या एका टोकाला पांढरी रेघ. नखानं खरवडली.

"ह्यातबी कागद हाय," ती म्हणाली.

आणि मग तिला कळलं. मोटरमधली, मेनच्या ट्रान्सफॉर्मरमधली वीज सारखी दिशा बदलते. इथे एकच मोठा व्हॉल्व्ह, ऋतुराजनं दाखवला. तो एकाच दिशेनं सतत ओढतो. लोखंड चुंबकत्वानं भरून जातं, जोर आला की आणखी घेता येत नाही. कागद ढिलाईचा नव्हता. लोखंडाला श्वास घ्यायला ठेवलेली जागा होती ती. ऋतुराजनं कपाळावर हात मारून घेतला. आपणच आधी सांगायला हवं होतं, म्हणाला.

"जुना कागद कुटं गेला?" तिनं दुकान झाडून काढलं. टेबलाखाली, भंगाराच्या डब्यात, तारेच्या गुंडाळ्यांमागे.

 बसप्पा उठला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली एक पट्टी काढून आणली. तपकिरी, जाडसर. परवा फोन आला तेव्हा त्यावर त्यानं मोडनिंबच्या मिस्त्रीचा नंबर लिहून ठेवला होता.

"दुसरा कागद चालंल की," तो म्हणाला.

"जाडी हीच पायजे."

"मग त्येला फोन कसा करू?"

"कशाला करायचाय फोन?"

बसप्पानं पट्टी तिच्या हातात दिली.

व्हार्निश पुरतं सुकलं नव्हतं म्हणून पत्रे सहज सुटले. या वेळी तिनं इंग्रजी ई आकाराचे सगळे पत्रे एका बाजूनं घातले, आय आकाराचे सगळे दुसऱ्या बाजूला आणि मधे तो कागद, नंबरासकट, घडी न घालता सरळ पसरून. बोल्ट बसप्पानं आवळले.

रविवारी एक वाजता माग थांबले. सर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. एक झाला, दोन झाला. तीनवर त्यांनी जाड तार छेडली आणि बोट तसंच दाबून ठेवलं. सूर सुटला, वाढला, कोपऱ्यातल्या रिकाम्या मोटरच्या बॉडीतून घुमून आला. मग त्यांनी जोर दिला. अडकला नाही.

"पहिल्याचे वरचे सूर स्वच्छ आहेत, खोटं कशाला बोलू," सर म्हणाले. "पण हा तिसरा माझा आहे. हा आतच राहू दे."

वरचे सूर आणखी कसे उघडतील, यावर मल्लव्वा आणि ऋतुराजचं लगेच सुरू झालं. पातळ तारेचे आणि जाड तारेचे थर आलटून पालटून जास्त वेळा घातले तर? थरांमधला कागद पातळ घेतला तर? ऋतुराजनं कोल्हापूरच्या मित्राचे दोन जळालेले ट्रान्सफॉर्मर पाठवतो म्हणून सांगितलं.

"दोन नगांवर दुकान चालतं व्हय?" बसप्पानं विचारलं.

"दुकानाचं दिवाळीला बगू. दोन नगांवर मशीन तरी ऱ्हातं की."

चारला मोडनिंबचा टेम्पो दारात आला. मिस्त्री आत येऊन मशीनकडे बघू लागला. मल्लव्वा हँडलवर हात ठेवून बसली होती, तार गुंडाळायचं रिकामं बॉबिन चढवलेलं. बसप्पानं मिस्त्रीला चहा पाजला, कोपऱ्यातल्या दोन जुन्या मोटर भाव न करता देऊ केल्या आणि मशीनचं विचारताच म्हणाला, "तुमाला कळवणारच हुतो, पन नंबर हाताशी ऱ्हायला न्हाय."

आत मल्लव्वाचे ओठ हलायला लागले होते.