लक्षद्वीपची म्हैस

आमचं जहाज बंदरापासून जेवढं लांब गेलं, त्याहून लांब मी रोज स्कूटरवरून ऑफिसला जातो.

मी हे चिडून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. बरोबर वाटतंय. चिडूनच सांगतोय. ‘पाच दिवस लक्षद्वीप, निळ्या पाण्याच्या कुशीत’ असं त्या कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं. पाणी होतं, नाही कशाला म्हणू? पण ते मुंबईचं होतं, रंगाने आपल्या चहासारखं होतं, आणि त्याच्या पलीकडे इमारतींवर वाळत घातलेले कपडे दिसत होते.

सफर काढली होती अव्वासाठी. अव्वा म्हणजे माझी आई. आमचं मूळ गाव अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, म्हणून आमच्यात आईला अव्वा म्हणतात, आणि तिचं भांडण मराठीत सुरू होऊन तापलं की कानडीत जातं. आमच्याकडे एक रीत आहे. कुणी लांबच्या प्रवासाहून आलं की दारात त्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, खुर्चीवर बसवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून विचारायचं, ‘काय काय बघितलं, सांगा.’ मग त्या माणसाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. अव्वाने जन्मभर दुसऱ्यांच्या पायावर पाणी घातलं. काशीवाले, रामेश्वरवाले, एक भाचा तर दुबईचा. स्वतः मात्र ती कुठे गेली नाही. आधी म्हशी होत्या, मग मी होतो, मग गुडघे.

म्हणून मी जहाजाची तिकिटं काढली तेव्हा तिने एवढंच विचारलं, “परत आल्यावर मलाबी इचारतील न्हवं, काय काय बघितलं म्हणून?”

“विचारतील म्हणजे? रांग लागेल,” मी म्हणालो.

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण माझ्या बायकोला, शैलाला, एक भाऊ आहे. मल्लू. मल्लूला पुढेमागे नगरसेवक व्हायचंय आणि तोपर्यंत तो फ्लेक्स लावतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची दहावी, कुणी नवीन मोटारसायकल घेतली, की लगेच चौकात फ्लेक्स. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी जुळे सोलापुरात आमच्या चौकात वीस फुटी फ्लेक्स चढला: ‘आमच्या सर्वांच्या लाडक्या अव्वा समुद्रसफरीवर रवाना! हार्दिक शुभेच्छा!’ मधोमध अव्वा, मागे जहाज, दोन्ही बाजूंनी उड्या मारणारे डॉल्फिन आणि खाली कानाला मोबाईल लावलेला मल्लू. (जहाजापेक्षा मल्लू मोठा होता.) कोपऱ्यात मी आणि शैला. आमचे फोटो आधार कार्डावरचे घेतले होते, त्यामुळे आम्ही दोघं फरार दिसत होतो.

निघताना सगळी कॉलनी खाली जमली. अव्वाला हार घातला. मल्लूने रिक्षाच्या चाकापुढे नारळ फोडला आणि जाहीर केलं, “रविवारी परत आल्यावर इथंच मांडव, इथंच स्वागत, इथंच जेवण. अव्वांनी सगळ्यांना प्रवास सांगायचा.” टाळ्या झाल्या. अव्वा पदर नीट करून रिक्षात बसली आणि स्टेशन येईपर्यंत गळ्यातला हार सावरत राहिली. तिला रडू येत होतं, आणि खरं सांगतो, मलाही.

जहाजावर चढताच अव्वाने पहिलं काम काय केलं असेल, तर पिशवीतून लिंबू-मिरची काढून कठड्याला बांधली. “एवढी मोठी वस्तू हाय, नजर लागंल की,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी आला, हसला, आणि नियमात बसत नाही म्हणून लिंबू सोडून घेऊन गेला. पोरगा आपलाच होता, मराठी बोलत होता, म्हणून जास्त राग आला.

जहाज सुटलं. आम्ही जेवायला बसलो. शैलाने ताटात कुठल्याशा परदेशी नावाचं काहीतरी वाढून घेतलं होतं, अव्वा त्याच्याकडे संशयाने बघत होती, आणि खालून धाड्‌कन आवाज आला. ताटं सरकली. जहाज थोडं थरथरलं आणि मग गप्प झालं. पंखे गप्प, एसी गप्प, संगीत गप्प.

भोंग्यातून गोड आवाज आला, “किरकोळ तांत्रिक अडचण आहे. कृपया सहकार्य करावे.”

अव्वाने हातातला चमचा खाली ठेवला. “लिंबू काढलं न्हवं? भोगा आता.”

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी तरातरा त्या पांढऱ्या कपड्यांकडे गेलो.

“जहाज का थांबलं?”

“सर, जहाजाच्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्याला इजा झालीय. इंजिनिअर बघतायत.”

“बघतायत म्हणजे? नुसतं बघून चालू होतं का?”

“सर, थोडा धीर धरा.”

“धीर किती वेळ धरायचा?”

“ते इंजिनिअर बघतायत, सर.”

माझं डोकं फिरलं. आजूबाजूला बरीच माणसं जमली होती, त्यांच्यासमोर मी ओरडलो, “ते काही नाही. आधी ते लिंबू कुणी काढलं ते सांगा. ते परत बांधा, मग पुढचं बोला.”

(विज्ञानाचा पदवीधर. दुसरा वर्ग.)

संध्याकाळपर्यंत उकाड्याने सगळे वरच्या मजल्यावर येऊन बसले. जेवण म्हणून ब्रेड आणि केळं मिळालं. अव्वा शेजारच्या बायकांना म्हणाली, “आमची यष्टी बंद पडली की समदे उतरून धक्का देतात. हितं बाप्ये नुसते बसल्यात.” त्यावर एका गुजराती गृहस्थाने खरोखरच उठून खाली वाकून पाण्याकडे पाहिलं. सकाळी दोन टगबोटी आल्या आणि त्यांनी आम्हाला उसाच्या ट्रॉलीसारखं ओढत पुन्हा त्याच धक्क्याला आणून लावलं. उतरताना प्रत्येकाला एकेक गुलाब आणि पुढच्या सफरीचं सवलतीचं कुपन दिलं. गुलाब कशाबद्दल? मी विचारलं. “आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल, सर.” मी म्हणालो, “कधी केला?” शैलाने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर सामानावर बसून अव्वाने एकच वाक्य म्हटलं. “आता मला इचारलं तर मी काय सांगू?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी तिच्याशी भांडलो असतो. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथे एक निर्णय घेतला. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे मी वाईट वाटून घेतलेल्या निर्णयांमुळेच झालेत.

“रविवारपर्यंत घरी जायचं नाही,” मी म्हणालो.

“वेडे झालात का?” शैला म्हणाली. “गुपचूप घरी जाऊन दार लावून बसू.”

“घरी जायला चौकातून जावं लागतं. त्या फ्लेक्सच्या खालून. दुसऱ्याच दिवशी परत आलेली माणसं बघून कॉलनी काय म्हणेल? अव्वाची अब्रू जाईल.”

“अव्वांची की तुमची?”

बायको असले प्रश्न नेमके सामान उचलताना विचारते.

सोलापूरच्या बसमध्ये बसलो आणि सोलापूर यायच्या आधीच टेंभुर्णीला उतरलो. हायवेवर एक लॉज बघितला. टेंभुर्णी ही लपायची जागा नाही, हे मला उतरल्यावर कळलं. सोलापूरहून पुण्याला जाणारा प्रत्येक माणूस तिथे चहाला थांबतो! मी टॉवेलने तोंड बांधून फिरायला लागलो. शैला म्हणाली, “तुम्ही तोंड बांधलंय म्हणूनच लोक बघतायत.” लॉजवाल्याने तर दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, “सायेब, पोरगी पळवून आणल्याची काय भानगड न्हाय न्हवं?” शैला आणि मी, वय सांगत नाही, पण आमच्या मुलाला मुलगा आहे.

तिकडे कॉलनीच्या ग्रुपवर मल्लूचे मेसेज सुरू झाले. ‘भाऊजी, फोटो टाका. समुद्र दाखवा.’ ‘अव्वांचा पाण्यासोबत फोटो पाहिजे, दुसरा फ्लेक्स करायचाय.’ आता टेंभुर्णीत समुद्र कुठून आणायचा? पण आपल्याकडे अशा वेळी एकच आधार असतो, उजनी. टेंभुर्णीपासून रिक्षाने जाऊन मी अव्वाला धरणाच्या फुगवट्याकाठी उभं केलं. अथांग पाणी होतं. पलीकडचा काठ दिसू नये म्हणून मी खाली बसून फोटो काढला, पॅन्ट चिखलात गेली, पण फोटो झकास आला. खाली लिहिलं, ‘अव्वा, लक्षद्वीप येथे.’

पाठवला. ग्रुपवर फुलं, जोडलेले हात, नारळ यांचा पाऊस पडला. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हेत्रेंचा मेसेज आला. म्हेत्रे निवृत्त आहेत आणि प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघतात.

‘अव्वांच्या मागे पाण्यात म्हैस आहे का?’

होती. मान तेवढी बाहेर काढून निवांत बसली होती. फोटो काढताना माझं सगळं लक्ष पलीकडच्या काठाकडे!

मी लिहिलं, ‘हो. लक्षद्वीपची म्हैस.’

‘समुद्रात बसते?’

‘तिथली जात खाऱ्या पाण्याची असते.’

‘मग दूध खारट असेल,’ म्हेत्रे म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘किती देते?’

शैलाने माझ्या हातातला फोन काढून घेतला, नाहीतर मी डेअरीच काढली असती.

राहिलेला वेळ मी अव्वाला शिकवण्यात घालवला. निळं पाणी म्हण, पांढरी वाळू म्हण, डॉल्फिन म्हण. ती लॉजच्या खाटेवर बसून शेंगा सोलत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, “मी बघितलं न्हाय त्ये कसं सांगू?” मी परत सुरू केलं की “सुम्म कूडू” म्हणायची. म्हणजे गप बस. कानडीत गेली याचा अर्थ विषय संपला.

रविवारी आम्ही वाजतगाजत आलो. मांडव होता, खुर्च्या होत्या, फ्लेक्सला नवा हार होता. मल्लूच्या बायकोने अव्वाच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं. अव्वाला मधल्या खुर्चीवर बसवलं. मल्लूने माईक तिच्यापुढे धरला. आणि सगळी कॉलनी भोवती बसल्यावर म्हेत्रे रीतीप्रमाणे म्हणाले, “सांगा अव्वा, काय काय बघितलं?”

मी पुढे झालो. “सांगायचं म्हणजे, डॉल्फिन तर इतके...”

अव्वाने मला हाताने बाजूला केलं.

“म्हेत्रे, ती म्हैस पंढरपुरी हाय,” ती माईकमध्ये म्हणाली. “शिंगं बघितली न्हाईत का तुमी, पार खांद्याच्या मागं गेलेली? लक्षद्वीप कुटलं, उजनीचं पाणी हाय त्ये. आमी टेंभुर्णीत व्हतो.”

मागे भात बघणारा आचारी झाकण हातात घेऊनच पुढे आला. मल्लूचा चेहरा पडला. मी खुर्चीच्या मागे जायला लागलो.

“बोट बंद पडली,” अव्वा शांतपणे म्हणाली. “ती कशी पडली त्ये सांगते.”

आणि तिने सांगितलं. धाड्‌कन आवाज कसा झाला, ताटं कशी पळाली, गुजराती माणूस धक्का द्यायला कसा उठला. तिने पांढऱ्या कपड्यातल्या पोराचं “इंजिनिअर बघतायत, सर” असं काही म्हणून दाखवलं की पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींवर कलंडल्या. मग माझी पाळी आली. “माझं लेकरू त्या सायबाला म्हणतंय, आधी लिंबू बांधा, मग बोला!” म्हेत्रे डोळे पुसत होते. मग टॉवेल बांधून टेंभुर्णीत फिरणारा मी, लॉजवाल्याची शंका, चिखलात बसून समुद्र पकडणारा मी. मल्लू माईक धरून धरून हात बदलत होता, पण हसत हसत. भात गार झाला, कुणी उठलं नाही. काशीवाल्यांचं कुणी इतका वेळ ऐकलं नव्हतं, दुबईवाल्याचं तर नाहीच. अव्वाचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. मला फार आनंद झाला, आणि त्याच वेळी जमीन दुभंगली तरी चालेल असंही वाटत होतं.

ही गोष्ट आता गावोगाव गेलीय. अक्कलकोटहून, पार हद्दीपलीकडून पाहुणे फक्त अव्वाकडून जहाज ऐकायला येतात. दर वेळी गोष्ट थोडी वाढते. हल्ली तिच्यात मी जहाजावर रडतो. मी रडलो नव्हतो, मी ओरडलो होतो. हा फरक मी अव्वाला दोनतीनदा समजावून सांगितला. ती म्हणते, “ओरडण्याला कोण हसत न्हाय, बाळा.”

परवा असेच एक पाहुणे आले. मी चहा घेऊन गेलो, तर त्यांनी कप घेता घेता माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “बोटीवर रडलेला तो अव्वांचा मुलगा तुम्हीच का हो?”

“छे छे,” मी म्हणालो, “तो धाकटा.”

अव्वाला मी एकटाच आहे.