सोनारीचा फोन आणि मधली बाई

मी धाराशिवला एका सरकारी कार्यालयात टेलिफोनवर बसते. लोकांचे फोन इकडून तिकडं जोडून देणं हे माझं काम. सात वर्षांची असताना गोवरात माझी नजर गेली आणि नवव्या वर्षी आईनं मला सोलापूरच्या अंधशाळेत घातलं. तिथंच वसतिगृह होतं. त्यानंतर घरी राहिले ती सुट्टीपुरतीच. वडील त्याच्याही आधी गेलेले. आई सोनारीला देवळाबाहेर नारळ, फुटाणे विकते. तिची माझी गाठ बहुतेक फोनवरच पडते.

आधी माझ्याकडं बटणांचा फोन होता. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, त्यावर बोट ठेवून मी नंबर दाबायची. आईनं फोन उचलला की तिच्या आधी तिचं घर ऐकू यायचं. पत्र्यावर धावणारी माकडं, त्यांना हाकलताना वाजणाऱ्या बांगड्या, देवळातली घंटा. मी मुद्दाम क्षणभर गप्प राहायची. आई म्हणायची, "बोल की गं, मुकी झालीस का?" तिला कुठं ठाऊक, मी घरात शिरून आधी चौफेर कानोसा घेत होते.

मग स्मार्टफोन घेतला. कार्यालयातल्या एका ताईंनी त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय चालू करून दिली. फार उपयोगाची गोष्ट. पत्रं, बातम्या, बँकेचे मेसेज सगळं मला माझं मला वाचता येऊ लागलं. पण ज्या बाईच्या आवाजात तो फोन वाचायचा, ती बाई मी आईशी बोलतानाही गप्प बसेना. फोन कानाला लावला की गालाचा धक्का लागून ती बडबडायची, म्हणून मी स्पीकर लावून फोन मांडीवर ठेवायची. तरी बोट लागायचंच.

पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "तुझ्यासंगं कोण बाई हाय गं?"

"बाई न्हाय आई, फोन बोलतोय."

"फोन बोलतोय व्हय! जेवली का म्हणावं."

त्यानंतर आई तिला मान द्यायला लागली. ती बोलायला लागली की आई आपलं वाक्य अर्ध्यात सोडून थांबायची. "आधी तिचं होऊ दे," म्हणायची. बॅटरी वीस टक्के. नवीन मेसेज. एकदा माझं बोट नको तिथं टेकलं आणि ती बोलली, "कॉल संपवा. बटण." पलीकडं आईनं खरोखरच फोन ठेवून दिला. मी परत लावला तर म्हणाली, "तिनंच सांगितलं की संपवा. म्हटलं सायबाचं काम आलं आसंल तुला."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण त्यानंतर कित्येक दिवस मी त्या बाईच्या आधी बोलून घ्यायची घाई करायची, आणि आई तिच्यासाठी थांबून राहायची. माकडं, बांगड्या, घंटा ऐकायला सवडच उरली नाही.

आमचा फोन सोमवारी संध्याकाळी असतो. रविवार देवाचा वार, आईला त्या दिवशी मान वर करायला वेळ नसतो. अशाच एका सोमवारी तिचा आवाज जरा निराळा वाटला. शेजारच्या बाईनं त्या दिवशी आपल्या मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवलं होतं आणि आई तिची समजूत घालून आली होती. तेच सांगता सांगता ती म्हणाली, "तुला सोलापूरला सोडलं ना, त्या दिवशी म्या..."

त्या दिवसाबद्दल आई आजवर एक शब्द बोलली नव्हती.

नेमका तेव्हा कुणाचा तरी लांबलचक मेसेज आला आणि बाईनं तो वाचायला घेतला. वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याखाली फुलं, केक, हात जोडलेले, एकेका चित्राचं नाव. मी पडदा चाचपला तर ती आणखीच काहीबाही वाचायला लागली. या वेळी आई थांबली नव्हती. आपल्याच नादात बोलत होती. मला मधले तुकडे तेवढे मिळाले, "फाटकापाशी", आणि मग "कुणाला सांगू". बाई थांबली तेव्हा आईही थांबली होती.

"आई, ऐकू आलं न्हाय. पुन्हा सांग."

"काय न्हाय गं. जाऊ दे. चहा ठेवलाय, उतू जाईल."

त्या रागात मी फोन गादीवर आपटला. मग वसतिगृहातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला लावला. तिलाही दिसत नाही आणि ती हे फोन माझ्या आधीपासून वापरते. "अगं वेडे," ती म्हणाली, "पडद्यावर दोन बोटं एकदम टेकव, ती गप्प होते. आणि आईला लावायच्या आधी मेसेजचे आवाज बंद करून ठेवत जा." ती फोनवर असतानाच मी चारदा करून बघितलं. बाई खरंच गप्प झाली. इतकं सोपं होतं.

पुढच्या सोमवारी सगळी तयारी करून फोन लावला. बाई मधे एकदाही आली नाही. मी आडून विचारलं, सरळ विचारलं. आई नारळाच्या गाडीचं बोलत राहिली.

म्हणून शनिवारी मी परंड्याची एसटी धरली. तिथून सोनारी. आई थांब्यावर आली होती. घरी गेल्यावर ती शेंगा फोडायला बसली, मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून. बऱ्याच वेळानं विचारलं.

"काय सांगायचं त्यात," आई म्हणाली. "तुला आत सोडलं. फाटकासमोर च्याचं हॉटेल होतं, तिथं बसले. म्हटलं तू रडायला लागलीस की आत जाते आन् तुला घेऊन येते. कान लावून बसले. लई पोरं वरडत होती, तुझा आवाज काय निघंना. दोन एस्ट्या गेल्या. हॉटेलवाला म्हणला, माय, ऊठ आता."

मी म्हणाले, "मी रडत होते आई. तोंडात फ्रॉकचं टोक धरून. मोठ्यानं रडलं तर तू परत येशील आणि तुला शेवटची गाडी मिळणार नाही, असं वाटलं."

आईच्या हातातल्या शेंगा थांबल्या. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांना शेंगांची माती होती.

फोनवर ती हेच बोलली होती का, मला माहीत नाही. तेव्हा तिचा आवाज कापत होता. समोर बसून सांगताना कापला नाही. ते पहिलं सांगणं गेलं ते गेलंच, आणि मला अजून ते हवं आहे.

रविवारी गर्दीत मी तिच्याशेजारी बसले, नारळांच्या शेंड्या सोलून दिल्या. "धाराशिवला चल माझ्याकडं राहायला," म्हणाले. ती म्हणाली, "तिथं म्या दिवसभर करू काय? तू हापिसात, म्या भिंतीसंगं बोलू?" मग एक नारळ माझ्याकडं सारून, "तूच येत जा की. महिन्यातून एकदा."

आता मी दर महिन्याचा दुसरा शनिवार धरून जाते. मधले सोमवार फोन असतोच. परवा तिला म्हटलं, काही सांगू नको, फोन उंबऱ्यावर ठेव आणि तुझं काम कर. ती म्हणाली, "असला कसला फोन?" पण ठेवला. तिनं भाकरी थापली, कुणाला तरी हाळी दिली, एका माकडाला शिव्या घातल्या. मी अर्धा तास ऐकत बसले.