संध्याकाळची पानं

‘‘सकाळीं एकदा बघूं दे गे, जानके,’’ हे काकांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी बघू दिलं नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि तरातरा निघून आले. आठच दिवसांनी, शाळेत तास चालू असताना, भावाचा फोन आला... काका गेले. झोपेतच. दीड महिना झाला, मला एका जागी बसवत नाही. फोडणी जळते, ओढणी दारात अडकते आणि मी उगाच मुलींवर खेकसते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा उभा जन्म कुंभकोणम्‌च्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात गेला. गिऱ्हाइकानं साडी पसंत केली की हे तिला उंबऱ्याबाहेर नेणार. ‘‘दिव्याखाली नको अम्मा, रंग सूर्याला विचारा!’’ मालक चिडायचा, पण बायका काकांनाच शोधत यायच्या. दुकानात तमिळ, घरात आमची तंजावरी मराठी, जी पुण्याच्या पाहुण्यांना पोथीतली वाटते. एकादशीला जवळच्या गोविंदपुरम्‌ला भजन चुकायचं नाही. पणजोबांची भजनाची वही आमच्याकडे होती, पण पानाला हात लावला की तुकडा हातात. म्हणून मी पानांचे फोटो काढले आणि दुकानातली नोकरी सुटलेले काका ते बघून लॅपटॉपवर सकाळ-संध्याकाळ टाइप करू लागले. वही छापून भजनातल्या प्रत्येकाच्या हातात द्यायची, एवढा एकच ध्यास.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. संध्याकाळी काकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून मी सूर्यास्ताबरोबर लॅपटॉपचा पडदा पिवळसर करणारं सॉफ्टवेअर बसवलं. सूर्यास्ताची वेळ कळावी म्हणून त्यात गावाचं नाव घातलं आणि पिवळेपणाची पट्टी पार टोकाला नेली. करायचं तर नीट करावं! काका बघत होते. ‘‘बरें वाटतें. पण उजेड लबाड आहे गे.’’ ‘‘काका, ही साडी नव्हे,’’ मी म्हटलं. ‘‘सरी, सरी,’’ असं तमिळमध्ये ‘बरं, बरं’ म्हणून हसले. पुढे त्यांना ते आवडलंच. पडदा पिवळा पडू लागला की आतल्या खोलीकडे बघून ओरडायचे, ‘‘दिवा लागला!’’ आणि काकू उठून देवापाशी समई लावायची.

मग काकांनी टाइप केलेली पानं भजनातल्या वडीलधाऱ्यांनी वाचली. काही ठिकाणी एकच चरण दोनदा, दोन वेगळ्या रूपांत. काय झालं होतं? जुन्या काळी लिहिताना चुकलं की त्यावर पिवळा हरताळ फासत आणि पुढे बरोबर शब्द लिहीत. आता हरताळ विटून खालची शाई दिसते, पण पिवळा पट्टा फोटोतही कळतो. पणजोबांनी रद्द केलेलं सगळं काकांनी टाइप केलं होतं. एवढा पट्टा दिसू नये? मी भडकलेच. ‘‘काका, डोळे गेलेत तुमचे, कबूल करा. आता पुरे!’’ चार माणसांसमोर बोलले मी हे. काका उपरण्याची घडी घालत राहिले, मोडली, पुन्हा घातली... आणि मग ते ‘सकाळीं एकदा बघूं दे’ म्हणाले.

तेरावा झाल्यावर उरलेलं काम मी हाती घेतलं. शाळेतून आले, चहा घेऊन बसले, दिवेलागणीला पान उघडलं. चरण दोनदा. हरताळ कुठेच नाही! पडदा पिवळा, कागद पिवळा, पट्टा त्यातच बुडालेला. सॉफ्टवेअर बंद केलं तर पट्टे जागच्या जागी. कुठलं पान कधी टाइप झालं ते कॉम्प्युटरला ठाऊक असतं. रविवारी सगळी पानं ताडून पाहिली. चुका होत्या त्या फक्त संध्याकाळच्या पानांत. सकाळच्या पानांत एक काना इकडचा तिकडे नाही. काकांचे डोळे ठणठणीत होते. आंधळी मी होते. त्यांना सकाळी एकदा बघू दिलं असतं, तर त्यांनीच हे पकडलं असतं. एकादशीला भजनात उभी राहून सगळ्यांना सांगितलं. जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी इथे लिहिते आहे. तरी जिवाची तगमग जात नाही. ज्यांना सांगायचं, ते कुठे आहेत?

सॉफ्टवेअर मी रागारागानं काढून टाकलं आणि लॅपटॉप काकांच्या टेबलावर परत नेऊन ठेवला. आता रोज शाळेआधी तिथेच, खिडकीच्या उन्हात, संध्याकाळची पानं दुरुस्त करते. परवा एक पान राहिलं होतं म्हणून संध्याकाळीही गेले. काम करता करता अंधारलं, तरी काकू आपली आतल्या खोलीत बसूनच. ‘‘काकू, दिवा?’’ मी विचारलं.

‘‘पडदा पिवळा झाला नाही गे अजून,’’ ती म्हणाली.

मी तिथल्या तिथे सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. गावाचं नाव घातलं. पट्टी टोकाला नेली. पडदा पिवळा झाला आणि मी आतल्या खोलीकडे बघून ओरडले, ‘‘दिवा लागला!’’