हात हलवणारा जवान

सरकारी गाडीतून गावोगाव सिनेमे दाखवण्यात माझी सगळी नोकरी गेली. किस्से जमवावे लागले नाहीत, गाडीच्या धुळीसारखे आपोआप साचले. त्यातले हे काही.

लढाई लागली की आम्हाला प्रचाराची रिळं यायची. भोकरला एकदा पडद्यावर तोफ सुटताच पुढची माणसं उठून मागं पळाली. एक म्हातारबा जागचे हलले नाहीत.

"बाबा, भ्याव न्हाई वाटत?" आमचे ड्रायव्हर गफूरभाई.

"तोफेचं तोंड तिकडं हाय की!"

*

तिथंच माझ्या हातून मशीनचा खटका उलटा पडला. जवान मागं मागं चालू लागले, धूर तोफेत शिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मेमो दिला: "आपल्या फौजेची माघार दाखवली!"

*

अर्धापूरची सरजाबाई पडद्याला खेटून बसायची. तिचा नवरा लढाईतून परतला नव्हता. एका रिळात एक जवान पाठमोरा रेल्वेत चढतो आणि गाडी सुटल्यावर दारातून नुसता हात बाहेर काढून हलवतो.

"माझं माणूस हाय ते."

"भाभी, चेहरा कुठं दिसून राहिला?" गफूरभाई म्हणाले.

"हात दिसतो ना!"

तेवढा तुकडा मी दर खेपेला पुन्हा लावायचो. गफूरभाई कुरकुरायचे, "रील झिजवून राहिले तुम्ही!"

झिजलंच.

*

रिळं मोडीत निघाली तेव्हा तो तुकडा मी डब्यात ठेवला. गेल्या वर्षी लातूरहून पल्लवी आली. ही मुलगी स्वतः काही शूट करत नाही, जुन्या प्रचारफिल्मांचे तुकडे जोडून नवा सिनेमा करते. तिनं नमुना दाखवला. जवान मागं मागं चालतात, धूर तोफेत शिरतो.

"काका, याला प्रयोग म्हणतात."

"आम्हाला याचा मेमो मिळाला होता!"

ती हसली, मग डबा मागितला. मी म्हटलं, "हा सरजाबाईचा आहे. तिला विचार."

सरजाबाईनं डबा बराच वेळ मांडीवर ठेवला.

"ने. पण हात कापू नको, बाई."

*

सिनेमा तयार झाल्यावर पल्लवीनं तो आधी अर्धापूरला, शाळेच्या भिंतीवर लावला. सरजाबाई बायकांसोबत चटईवर, सगळ्यांच्या पुढं.

रेल्वे उलटी निघाली. लांबून स्टेशनात शिरली, थांबली. हलणारा हात खाली आला. जवान पाठमोराच फलाटावर उतरला आणि मागं मागं पावलं टाकत जवळ, आणखी जवळ येऊ लागला.

सरजाबाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"सरक की गं जराशी!"

आणि तिनं चटईवर एका माणसापुरती जागा केली.